प्रबळ पक्ष आणि संघराज्य : मुख्यमंत्री नेमके ठरवतो कोण?

जानेवारी १९६६. ताश्कंदमध्ये लालबहादूर शास्त्रींचे निधन झाले आणि पंतप्रधान कोण, हा प्रश्न दोन वर्षांत दुसऱ्यांदा उभा राहिला. मोरारजी देसाई माघार घ्यायला तयार नव्हते, त्यामुळे काँग्रेस संसदीय पक्षात मतदान झाले. इंदिरा गांधींना ३५५ मते पडली, मोरारजींना १६९. पण निकाल त्याआधीच लागल्यात जमा होता. पक्षाध्यक्ष कामराज यांनी मोट बांधली होती आणि बहुतेक काँग्रेसी मुख्यमंत्र्यांनी आपले वजन इंदिराबाईंच्या पारड्यात टाकले होते. खासदारांचे तिकीट राज्यात ठरत असे, साहजिकच त्यांचे लक्ष आपापल्या मुख्यमंत्र्यांकडे होते.

पाचच वर्षांत गाडी उलटी फिरली. १९५४ पासून राजस्थान सांभाळणारे मोहनलाल सुखाडिया आणि आंध्रचे ब्रह्मानंद रेड्डी हे दोघेही १९७१ मध्ये दिल्लीच्या मर्जीने पायउतार झाले. राज्यघटनेतली केंद्र-राज्य अधिकारांची वाटणी मात्र होती तशीच होती.

केंद्रात आणि राज्यांत एकाच पक्षाचे सरकार असले की संघराज्य आपोआप दुबळे होते, असे सरसकट बोलले जाते. ते अर्धेच खरे आहे. नेहरूंच्या काळात काँग्रेसचे वर्चस्व सर्वाधिक होते आणि तरीही बंगालमध्ये बिधानचंद्र रॉय, मद्रासमध्ये कामराज, उत्तर प्रदेशात गोविंद वल्लभ पंत ही माणसे दिल्लीला हिशेबात धरावी लागत. त्यांची ताकद त्यांच्या राज्यातल्या संघटनेतून आलेली होती. नेहरू ऑक्टोबर १९४७ पासून मुख्यमंत्र्यांना साधारण दर पंधरवड्याला पत्र लिहीत. परराष्ट्र धोरणापासून धान्याच्या टंचाईपर्यंत सगळे त्यात असे. केंद्र आणि राज्य यांच्यातली बरीचशी भांडणे अशा पत्रांत आणि काँग्रेस कार्यसमितीच्या बैठकांत मिटायची. न्यायालयापर्यंत जायची वेळ क्वचितच येई.

या घरगुती व्यवस्थेची मर्यादा मराठी माणसाला वेगळी सांगायला नको. भाषावार राज्यांची मागणी काँग्रेसने स्वातंत्र्यापूर्वीच मान्य केलेली. सत्ता आल्यावर नेहरू, पटेल आणि पट्टाभि सीतारामय्या यांच्या समितीने तिला थंडा प्रतिसाद दिला. पोट्टी श्रीरामुलू यांनी उपोषणात प्राण दिल्यावर १९५३ मध्ये आंध्र झाले. महाराष्ट्राला मात्र १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य मिळाले. घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार राज्याच्या सीमा बदलायला संसदेचे साधे बहुमत पुरते, विधिमंडळाचे फक्त मत मागवायचे. म्हणजे प्रश्न खरे तर काँग्रेस कार्यसमितीचाच होता. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले, हुतात्मे झाले, आणि १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली. त्यानंतर सूत्रे हलली. यशवंतराव चव्हाणांनी दिल्लीला पटवले, १९५९ मध्ये पक्षाध्यक्ष असलेल्या इंदिरा गांधी विभाजनाला अनुकूल झाल्या आणि १ मे १९६० उजाडला. यशवंतरावांनी आधी संयुक्त महाराष्ट्रापेक्षा नेहरूंना मोठे मानले, याबद्दल त्यांना आयुष्यभर ऐकून घ्यावे लागले. पण पक्षाच्या आतून दार उघडणारा माणूसही तोच होता, हेही नाकारता येत नाही.

पक्षाबाहेरच्यांना असे दार नव्हते. केरळात १९५७ मध्ये निवडून आलेले नंबुद्रिपाद यांचे कम्युनिस्ट सरकार ३१ जुलै १९५९ रोजी बहुमत असताना बरखास्त झाले. एवढ्यापुरते नेहरूंचे संघराज्यही उदार नव्हते.

१९६७ मध्ये अनेक राज्ये काँग्रेसच्या हातून गेली आणि घरातली बोलणी चव्हाट्यावर आली. तोवर योजनांसाठीचा केंद्रीय पैसा कोणाला किती, याचे पक्के सूत्र नव्हते. बिगरकाँग्रेसी सरकारे हिशेब मागू लागल्यावर नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष धनंजयराव गाडगीळ यांनी तो बसवून दिला. हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले. विशेष दर्जा मिळालेल्या (डोंगराळ, सीमावर्ती) राज्यांचा वाटा बाजूला काढून उरलेल्या रकमेपैकी ६० टक्के लोकसंख्येनुसार वाटायची. दरडोई उत्पन्न, करवसुलीचा प्रयत्न, चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणी यांना प्रत्येकी १० टक्के. १९६९ मध्ये पंतप्रधान आणि मुख्यमंत्र्यांच्या राष्ट्रीय विकास परिषदेने हे ‘गाडगीळ सूत्र’ मान्य केले. वर्चस्वाला तडा गेला तेव्हा मर्जीच्या जागी नियम आला.

पुढे ते टिकले नाही, निदान राजकारणात. १९६९ ला काँग्रेस फुटली. १९७१ मध्ये लोकसभेची निवडणूक विधानसभांपासून वेगळी झाली आणि एका नावावर जिंकली गेली, तेव्हा राज्यातल्या सुभेदारांची गरजच संपली. १९७२ नंतर वीस वर्षे पक्षांतर्गत निवडणुका झाल्या नाहीत. ‘हायकमांड’, ‘निरीक्षक’, ‘सर्वाधिकार पक्षश्रेष्ठींना’ हा एका ओळीचा ठराव, हे शब्द मराठी वर्तमानपत्रांत रोजचे झाले. जून १९८० ते जून १९८८ या आठ वर्षांत महाराष्ट्राने अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव चव्हाण आणि शरद पवार असे सहा मुख्यमंत्री पाहिले. विधानसभेत काँग्रेसचे बहुमत एकदाही गेले नव्हते. अंतुले आणि निलंगेकर न्यायालयाच्या ताशेऱ्यांमुळे गेले, हे खरे. पण वसंतदादांसारखा सांगलीचा मातब्बर माणूस १९८५ मध्ये प्रदेशाध्यक्षपदी दिल्लीने परस्पर प्रभा राव यांना बसवले म्हणून राजीनामा देतो, यातून मुख्यमंत्रिपदाची किंमत कळते.

आंध्रात याची किंमत पक्षानेच मोजली. १९८२ मध्ये हैदराबादच्या बेगमपेट विमानतळावर राजीव गांधींनी मुख्यमंत्री अंजय्यांना चारचौघांत झापले. स्वागताचा थाटमाट जास्त झाला, एवढेच कारण. एन. टी. रामाराव यांनी त्याच वर्षी तेलुगू देसम काढला, तेलुगू स्वाभिमान हाच प्रचाराचा मुद्दा केला आणि जानेवारी १९८३ मध्ये सत्ता घेतली.

विरोधी राज्यांसाठी कलम ३५६, म्हणजे राष्ट्रपती राजवट, होतेच. १९७७ मध्ये जनता सरकारने नऊ काँग्रेसी सरकारे घालवली, १९८० मध्ये इंदिराबाईंनी तितकीच परत घालवली. त्यात शरद पवारांचे पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारही गेले. लोकसभेत हरलात म्हणजे राज्यातही जनाधार गेला, हा युक्तिवाद दोन्ही वेळी तोच. या खेळाला लगाम बसला तो आघाड्यांच्या काळात. १९९० मध्ये आंतरराज्य परिषद स्थापन झाली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालाने बहुमत सभागृहातच तपासायचे, राजभवनात नाही, असे घालून दिले.

हा प्रकार भारताचाच आहे असेही नाही. मेक्सिकोचे संविधान संघराज्याचे. पण १९२९ मध्ये स्थापन झालेल्या सत्ताधारी पक्षाबाहेरचा पहिला गव्हर्नर मान्य व्हायला १९८९ उजाडावे लागले.

२०१४ नंतर पुन्हा एका पक्षाचा, या वेळी भाजपचा, वरचष्मा आला. ३५६ चा वापर पूर्वीइतका राहिला नाही, पण पक्षाची जुनी यंत्रणा ओळखीची वाटते. गुजरातमध्ये सप्टेंबर २०२१ मध्ये मुख्यमंत्र्यांसकट सगळे मंत्रिमंडळ बदलले. ३० जून २०२२ रोजी देवेंद्र फडणवीसांनी आपण सरकारबाहेर राहणार असे जाहीर केले आणि दिल्लीच्या सांगण्यावरून त्याच संध्याकाळी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. राजस्थानात डिसेंबर २०२३ मध्ये पहिल्यांदाच आमदार झालेले भजनलाल शर्मा मुख्यमंत्री झाले. ‘डबल इंजिन’ ही घोषणा मतदाराला हेच सांगते, की दोन्हीकडे एकच पक्ष असला तर कामे होतात. दुसरा पक्ष निवडला तर काय, हे ती सांगत नाही, पण ऐकू येते.

काही वाटणी मात्र आता कायद्यात लिहिलेली आहे. वस्तू व सेवा कराचे निर्णय घेणाऱ्या जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. म्हणजे केंद्र एकट्याने कोणताही ठराव अडवू शकते, आणि केंद्राच्या बाजूची राज्ये वाढतील तसे उरलेल्यांचे बळ घटते. तिथे पहिले मतदान डिसेंबर २०१९ मध्ये झाले, तेही लॉटरीवरील करावर. ज्यांना परिषदेत किंवा पक्षात दाद मिळत नाही, ती राज्ये सर्वोच्च न्यायालयात जाऊ लागली आहेत : केरळ कर्जमर्यादेसाठी, तामिळनाडू राज्यपालांनी अडवलेल्या विधेयकांसाठी, कर्नाटक दुष्काळी मदतीसाठी. तिन्ही ठिकाणी तेव्हा सरकारे विरोधी पक्षांची होती.