मुंबई : नगरविकास, वास्तुकला आणि प्रतिमा

महाराष्ट्राच्या राजधानीची बांधणी आणि त्या बांधणीतून लोकांच्या मनात ठसलेले तिचे रूप यांविषयीची ही नोंद आहे. बृहन्मुंबई महानगरपालिकेचे क्षेत्र सुमारे ४३७ चौ. किमी. असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १ कोटी २४ लाखांवर होती. मुंबई म्हटले की गेटवे, मरीन ड्राइव्ह, बोरीबंदरचे स्थानक आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू डोळ्यांपुढे येतात. हे सगळे दक्षिण टोकाच्या आणि पश्चिम किनाऱ्याच्या एका अरुंद पट्टीतले आहे. शहर मात्र रुळांच्या कडेकडेने वाढत एकीकडे वसई-विरार, दुसरीकडे कल्याण-अंबरनाथ-बदलापूर आणि खाडीपलीकडे पनवेलपर्यंत गेले. मुंबईचे चित्र समुद्राच्या बाजूने काढले गेले आणि माणसे राहिली रुळांच्या बाजूला. पैसा कुठे ओतला गेला, कोणाला उठावे लागले आणि कोणत्या इमारतीला वारसा म्हटले गेले, हे या फारकतीपासून सुरुवात केली तरच नीट उलगडते.

बेटांपासून शहरापर्यंत

कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही मूळची सात बेटे. पोर्तुगीज राजकन्येच्या विवाहकरारात (१६६१) मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली आणि १६६८ मध्ये ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला मिळाली. कोळी, भंडारी, आगरी, पाठारे प्रभू यांची वस्ती तिथे त्याआधीपासून होती. भरतीचे पाणी बेटांच्या मधल्या सखल जमिनीत शिरे. वरळीजवळची मोठी खिंड अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, विल्यम हॉर्नबी गव्हर्नर असताना, बांध घालून बुजवण्यात आली. हा बांध वारंवार ढासळत होता. रामजी शिवजी या पाठारे प्रभू बांधकाम-प्रमुखाला स्वप्नात दृष्टान्त झाला, समुद्रातून देवीच्या मूर्ती निघाल्या आणि मगच बांध टिकला, अशी महालक्ष्मी मंदिराची आख्यायिका आहे. मुंबईची जमीन समुद्राकडून मागून घेतलेली आहे, ही जाणीव या कथेत आजही जिवंत आहे. पुढे शीव येथून उत्तरेकडच्या साष्टी बेटाला जोडणारा रस्ता झाला आणि १८४५ मध्ये लेडी अवाबाई जीजीभॉय यांच्या देणगीतून माहीम कॉजवे बांधला गेला.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे ३४ किमी.चा पहिला रेल्वेप्रवास झाला. पुढच्याच वर्षी पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली. लोखंडी रूळ आणि कापूस यांनी मुंबईचा पुढचा शतकभराचा आकार ठरवला.

दगडातली राजधानी

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकशरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये बाजार कोसळला आणि अनेक पेढ्या बुडाल्या. परंतु तोवर गव्हर्नर बार्टल फ्रिअरने कोटाची तटबंदी पाडायला घेतली होती आणि मोकळ्या झालेल्या जागेवर सार्वजनिक इमारतींची आखणी झाली होती. ओव्हल मैदानाच्या कडेने सचिवालय, विद्यापीठ आणि उच्च न्यायालय ओळीने उभे राहिले. या सर्व इमारतींचे मुख त्या वेळी समुद्राकडे होते. बोटीने येणाऱ्याला आधी ही रांग दिसावी, हा हेतू उघड होता. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर (१८७८) जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याच्या आराखड्यानुसार, प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून बांधला गेला. स्कॉटने मुंबई कधी पाहिलीच नाही.

या काळाचा कळस म्हणजे फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने बांधलेले व्हिक्टोरिया टर्मिनस (१८७८–८८), आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. युरोपीय गॉथिक पद्धतीची ही इमारत जवळून पाहिली की इथली होते. कमानींच्या खांद्यांवर मोर, माकडे, मुंगूस, वेलीपाने कोरलेली आहेत; त्या कोरीवकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे हात आहेत. फाटकाच्या दोन खांबांवर ब्रिटनचा सिंह आणि हिंदुस्थानचा वाघ बसले आहेत आणि घुमटावर ‘प्रगती’ची स्त्रीमूर्ती उभी आहे. बदलापूरहून सकाळी गर्दीत उभे राहून आलेला माणूस त्या मोरांच्या खालून रोज धावतपळत जातो. २००४ मध्ये युनेस्कोने या स्थानकाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. रोज लाखो माणसांचे ओझे पेलत अजून कामावर असलेली इमारत वारसा ठरली, ही मुंबईला शोभणारी गोष्ट आहे.

प्लेग, सुधार आणि चाळ

दगडी रांगेच्या मागे गिरगाव, मांडवी, कामाठीपुऱ्यात माणसे दाटीवाटीने राहत होती. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग उद्भवला. हजारो लोक गावाकडे पळाले, गिरण्या ओस पडल्या आणि सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते दाट वस्तीतून काढले, समुद्राचा वारा आत यावा म्हणून. या कामात पाडलेली घरे आधी गेली, बदली घरे मागाहून आणि कमी आली. त्यामुळे शेजारच्या गल्ल्या आणखी दाटल्या. पाडकाम आधी आणि पुनर्वसन नंतर हा शिरस्ता इथे पडला आणि मुंबई त्यातून अजून सुटलेली नाही. ट्रस्टची चांगली बाजूही सांगितली पाहिजे. दादर-माटुंग्याची आखणी, फाइव्ह गार्डन्स, पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी ही त्याचीच कामे. झाडांच्या सावलीतून चालता येईल असे रस्ते मध्यमवर्गाला तेव्हा मिळाले. परळच्या बीआयटी चाळीत, म्हणजे या ट्रस्टनेच बांधलेल्या चाळीत, खोली क्र. ५० व ५१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ या काळात राहिले.

चाळ ही मुंबईने घडवलेली खास वास्तू आहे. मधोमध किंवा दर्शनी बाजूला लांब गॅलरी, तिला लाकडी किंवा लोखंडी कठडा, ओळीने खोल्या, टोकाला सामायिक संडास आणि नळ. खोलीच्या कोपऱ्यात गुडघाभर उंचीच्या भिंतीची मोरी, तिच्याशेजारी पाण्याचे पिंप, वर सामानासाठी आणि पुढे थोरल्या मुलाच्या संसारासाठी काढलेला पोटमाळा. कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार अशा एका खोलीत दहा-बारा गाववाल्यांबरोबर पाळीपाळीने झोपत असे. पहिल्या पाळीवाला उठला की तिसऱ्या पाळीवाला त्याच जागी आडवा होई. खाणावळीची बाई त्यांना जेवू घाली. या तुटपुंज्या जागेतूनच गणेशोत्सवाची मंडळे, व्यायामशाळा, भजनी मंडळ्या, कामगार रंगभूमी आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची माणसे उभी राहिली. चाळीच्या गोडव्याचे लिखाण मराठीत उदंड आहे. संडासाच्या रांगेत आणि मोरीच्या आडोशाला आयुष्य काढलेल्या बायकांना विचारले तर त्यातला पुष्कळसा गोडवा गळून पडतो.

बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे २०७ बीडीडी चाळी बांधल्या. तीन मजली काँक्रीटची इमारत, प्रत्येकीत ८० खोल्या, खोली १६० चौ. फुटांची. सुरुवातीला त्या उन्हात तापणाऱ्या आणि महाग म्हणून बऱ्याचशा रिकाम्या होत्या. याच डायरेक्टोरेटची समुद्रात भराव घालण्याची बॅक बे योजना खर्चाच्या घोटाळ्याने गाजली. तो उघडकीला आणण्यासाठी काँग्रेसचे पुढारी वीर नरिमन झगडले आणि पुढे भरावाच्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांच्या वस्तीला नरिमन पॉइंट हे नाव मिळाले.

आर्ट डेको आणि ‘ब्लॉक’

त्या भरावावर १९३० व ४० च्या दशकांत मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाची पश्चिम बाजू बांधली गेली. इथली आर्ट डेको शैली म्हणजे गोलसर कोपरे, खिडकीवर भुवईसारखा पुढे आलेला छज्जा, सज्ज्यांचे आडवे पट्टे, जाळीत लाटा आणि सूर्यकिरणांच्या आकृत्या, आणि रीगल (१९३३), इरॉस (१९३८) यांसारखी चित्रपटगृहे. या इमारतींचे वास्तुविशारद बहुतांशी भारतीय होते आणि राहणारेही. मैदानाच्या पूर्वेला गॉथिक आणि पश्चिमेला आर्ट डेको अशा ९४ इमारतींच्या समूहाला २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. याच शैलीची साधी आवृत्ती शिवाजी पार्क आणि माटुंग्याला पोचली. स्वतंत्र न्हाणीघर-संडास असलेल्या घराला मराठी माणूस ‘ब्लॉक’ म्हणू लागला. चाळीतून ब्लॉकमध्ये जाणे ही एका पिढीच्या प्रगतीची मोजपट्टी होती.

भाडे, चटई क्षेत्र आणि झोपडपट्टी

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला आधार मिळाला, पण मालकाने डागडुजी थांबवली, पागडीचा, म्हणजे घर देताना एकरकमी घेतल्या जाणाऱ्या पैशांचा, व्यवहार वाढला आणि सामान्य माणसासाठी भाड्याची घरे बांधणे जवळपास बंद झाले. १९५७ मध्ये शहराची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली. कामगार येत राहिले, घरे झाली नाहीत. मग खाडीकाठी, डोंगरउतारावर, रुळांलगत लोकांनी आपली घरे आपणच बांधली. २०११ पर्यंत शहराची चार दशांशांहून अधिक लोकवस्ती झोपडपट्टीत होती. धारावी ही त्यातली सर्वांत नावाजलेली. मूळचा कोळीवाडा, मग कुंभारवाडा आणि चामड्याचे कारखाने असलेली ही वस्ती बाहेरच्यांना गलिच्छपणाचे प्रतीक वाटते; आतमध्ये घर आणि कारखाना एकाच भिंतीआड चालतो.

विकास आराखड्यांतून चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल याचे प्रमाण, शहराचे खरे चलन बनले. १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत बिल्डरने पात्र झोपडीधारकांना २२५ चौ. फुटांचे घर मोफत द्यावे (पुढे ते २६९ व नंतर ३०० झाले) आणि मोबदल्यात मिळालेल्या वाढीव चटई क्षेत्रावर विक्रीच्या इमारती बांधाव्यात, असा हिशेब ठरला. सरकारी तिजोरीला झळ न लागता घरे मिळतात म्हणून ही योजना सर्व सरकारांना प्रिय राहिली. तिचा दोषही याच हिशेबात आहे. जिथे जमीन महाग तिथेच योजना हलते, आणि माणसे एकावर एक रचून उरलेली जमीन विक्रीला मोकळी केली जाते. मानखुर्द-गोवंडीकडच्या पुनर्वसन वसाहतींत दोन इमारतींमध्ये इतके थोडे अंतर आहे की खालच्या मजल्यावर भर दुपारी दिवा लावावा लागतो. ज्या शहराने प्लेगनंतर वाऱ्यासाठी रस्ते फोडले, त्याने शंभर वर्षांनी अशा इमारतींना मंजुरी द्यावी, हे दुःखद आहे.

गिरणगावाचा प्रश्न याहून कडवट आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. मागे उरली सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या नियमावलीनुसार तिचे तीन वाटे व्हायचे होते : एक मोकळ्या जागांसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हा नियम फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरता उरला. बहुतेक जमिनीवर गिरण्यांच्या शेड असल्याने शहराच्या वाट्याला फारच थोडी आली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती ग्राह्य धरली. मध्य मुंबईला मोठ्या उद्यानांची आणि कामगारांच्या घरांची एवढी संधी पुन्हा येणार नाही. काही मॉलच्या आवारात गिरणीची चिमणी शोभेसाठी राखलेली आहे.

नवी मुंबई

१९६५ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी शहराची वाढ खाडीपलीकडे वळवण्याची कल्पना मांडली. १९७० मध्ये त्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. ९५ गावांच्या परिसरातील ३४४ चौ. किमी. क्षेत्र योजनेत आले. मंत्रालय तिकडे जावे ही मूळ योजनेतली कळीची गोष्ट होती. ती झाली नाही. उलट त्याच सुमारास नरिमन पॉइंटला कचेऱ्या वाढल्या. रेल्वे वाशीला पोचली १९९२ मध्ये. जमिनी गेलेल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला, जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. बेलापूरला कोरियांनी आखलेल्या वसाहतीत शेजाऱ्यांच्या भिंती एकमेकांना लागत नाहीत, म्हणजे ऐपतीप्रमाणे घर वाढवता येते. गरिबाचे घर एकदम पूर्ण होत नसते, हे ओळखून केलेली अशी आखणी दुर्मीळ आहे.

शांघायचे स्वप्न आणि नंतर

२००३ मध्ये बॉम्बे फर्स्ट ही उद्योजकांची संस्था आणि मॅकिन्से ही सल्लागार कंपनी यांनी मुंबईला जागतिक दर्जाचे शहर करण्याचा अहवाल मांडला आणि ‘मुंबईचे शांघाय’ हा शब्दप्रयोग राजकारणात रूढ झाला. पाठोपाठ २००४–०५ च्या हिवाळ्यात हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी. पाऊस झाला, भराव आणि बांधकामांनी आवळलेली मिठी नदी वांद्रे-कुर्ला परिसरात पसरली आणि शेकडो माणसे दगावली. लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतले, चालत्या लोंढ्याला रस्त्यात चहा-बिस्किटे दिली. यातून ‘मुंबई स्पिरिट’चे कौतुक झाले. ते खरे होते. पण नाल्यांची जबाबदारी ज्यांची होती त्यांच्यासाठी ती सोयीची पळवाटही ठरली.

त्यानंतरचा खर्च पुन्हा समुद्राच्या बाजूलाच मोठा दिसतो : वांद्रे-वरळी सागरी सेतू (२००९), शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू (२०२४, सुमारे २१.८ किमी.), किनारी रस्ता (२०२४ पासून टप्प्याटप्प्याने). वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी ४० मजली इमारती उभ्या राहिल्या असून ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौ. फुटांची घरे मिळाली. १६० चौ. फुटांच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्यांना हे घर मिळाले, याचा आनंद मोठाच आहे.

किनारी रस्त्याच्या आराखड्यात वरळी कोळीवाड्यासमोर पुलाच्या दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर होते. लाटा आणि वारा असताना होडी त्यातून नेता येणार नाही, असे क्लीव्हलंड बंदराच्या मच्छीमारांनी सांगितले आणि होड्या घेऊन पाण्यात काम अडवले. मुंबई समुद्रावरून रोज पाहणारे हेच लोक. वर्षानुवर्षांच्या आंदोलनानंतर २०२२ च्या अखेरीस राज्य सरकारने हे अंतर १२० मीटर करण्याचे मान्य केले.