एचआयव्ही संसर्गाच्या अवस्था आणि प्रतिबंध

एचआयव्ही संसर्ग : माणसाच्या प्रतिकारशक्तीच्या मुळावरच उठणाऱ्या एचआयव्ही नावाच्या विषाणूमुळे होणारा दीर्घकालीन संसर्ग. औषध न घेतल्यास तो साधारणपणे तीन अवस्थांतून पुढे सरकतो आणि त्यांतल्या शेवटच्या अवस्थेला एड्स म्हणतात. मराठी बोलण्यात आणि बातम्यांतही ‘एड्सची तपासणी’, ‘एड्सबाधित’ हे शब्द सर्रास येतात. एड्सची तपासणी अशी काही नसतेच. तपासणी होते ती एचआयव्हीची. वेळेवर औषध सुरू करून ते नियमित घेणाऱ्या बहुतेकांना एड्स कधीच होत नाही.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना झालेल्या दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद छापून आली. तिथून एड्सचा लिखित इतिहास सुरू होतो. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रान्स्वाज बारे-सिनूसी आणि ल्यूक माँटान्ये यांनी विषाणू वेगळा केला. त्याबद्दल त्यांना २००८ चे नोबेल मिळाले. भारतात १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि सेल्लप्पन निर्मला यांच्या पाहणीत पहिले बाधित नमुने सापडले.

विषाणू रक्तातल्या सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशींत शिरतो. प्रतिकारयंत्रणेला हुकूम देण्याचे काम याच पेशींचे. आत गेल्यावर तो आपल्या आरएनएची डीएनए नक्कल काढून ती पेशीच्या जनुकद्रव्यात जोडून टाकतो. अशा काही पेशी वर्षानुवर्षे निजून राहतात आणि औषधाचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. गोळ्यांनी विषाणू दबतो पण निघून जात नाही, आणि गोळ्या थांबवल्या की काही आठवड्यांत पुन्हा डोके वर काढतो, ते यामुळेच.

पहिली, तीव्र अवस्था संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांत येते. ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, सांधेदुखी, मानेत-काखेत गाठी अशी लक्षणे दिसतात, काहींना काहीच होत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात असा ताप घेऊन कोणी दवाखान्यात गेले, तर ‘व्हायरल आहे, चार दिवसांत उतरेल’ असे सांगितले जाते. ते निदान अक्षरशः खरेच असते आणि ताप उतरतोही. पण याच दिवसांत रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या लाखो प्रती असतात, म्हणजे दुसऱ्याला संसर्ग देण्याची क्षमता सर्वाधिक असते. नेमकी तेव्हाच तपासणी फसू शकते. नेहमीची झटपट चाचणी विषाणू शोधत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे शोधते, आणि ती दिसण्याजोगी व्हायला तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत वेळ लागतो. या काळाला विंडो पिरियड म्हणतात. प्रतिजन (विषाणूचे प्रथिन) आणि प्रतिपिंडे दोन्ही पाहणारी प्रयोगशाळेतली चाचणी १८ ते ४५ दिवसांत, तर विषाणूचे जनुकद्रव्य शोधणारी १० ते ३३ दिवसांत संसर्ग पकडते. म्हणून जोखमीच्या प्रसंगानंतर आठवड्याभरात आलेला ‘निगेटिव्ह’ अहवाल खिशात घालून निश्चिंत होण्यात अर्थ नसतो.

दुसरी अवस्था शांततेची. औषधाविना ती सरासरी दहा वर्षे चालते. कोणात कमी, कोणात जास्त. माणूस कामावर जातो, लग्न करतो, मुले होतात, आरशात निरोगी दिसतो. आत मात्र सीडी-४ पेशींची संख्या दरवर्षी उतरत असते. निरोगी माणसात ती दर घन मिलिमीटरला सुमारे ५०० ते १,५०० असते. काहींना या काळात नागीण उठते, तोंड पुन्हा पुन्हा येते, वजन थोडे उतरते. तरुण माणसाला नागीण झाली तर एचआयव्हीची तपासणी सुचवणारा डॉक्टर आगाऊ नव्हे, सावध समजावा. या साथीचे सगळे गणित याच अवस्थेवर उभे आहे : ज्याला काहीच होत नाही तो तपासायला जात नाही, आणि जो तपासत नाही त्याच्याकडून संसर्ग पुढे जातो.

तिसरी अवस्था एड्सची. सीडी-४ २०० च्या खाली जातात किंवा संधिसाधू आजार, म्हणजे प्रतिकारशक्ती खचल्याचा फायदा घेणारे आजार, गाठतात. भारतात त्यांत क्षयरोग सर्वांत पुढे. याशिवाय न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया, अन्ननलिकेपर्यंत पसरलेली बुरशी, क्रिप्टोकॉकसमुळे होणारा मेंदूज्वर, महिनाभर न थांबणारे जुलाब, झपाट्याने खंगणे. उपचार नसेल तर या टप्प्यावर आयुष्य साधारण तीन वर्षे उरते. जागतिक आरोग्य संघटना लक्षणांवरून चार वैद्यकीय पायऱ्या मोजते : फुप्फुसाचा क्षय तिसरीत, फुप्फुसाबाहेरचा चौथीत. या पायऱ्या वरच्या तीन अवस्थांशी तंतोतंत जुळत नाहीत. रक्ताचा अहवाल हाताशी नसताना डॉक्टरला अंदाज यावा, हा त्यांचा मूळ उपयोग.

अवस्थांचा हा क्रम अटळ नाही. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने विषाणू दाबणाऱ्या तीन औषधांचा एका रुग्णासाठी वर्षाचा पुरवठा ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय सेवासंस्थेला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, तोवर पाश्चात्त्य कंपन्यांची किंमत वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढे होती. १ एप्रिल २००४ पासून भारतात सरकारी केंद्रांतून ही औषधे मोफत मिळू लागली. सुरुवातीला सीडी-४ २०० च्या खाली उतरेपर्यंत रुग्णाला थांबावे लागे. ही मर्यादा पुढे ३५०, मग ५०० झाली आणि २०१७ पासून निदान झालेल्या प्रत्येकाला लगेच औषध द्यायचे ठरले. आता बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर एकत्र असलेली रोज एकच गोळी पुरते. लवकर सुरुवात करणाऱ्याचे आयुर्मान इतरांच्या जवळपास पोचते.

हेच औषध प्रतिबंधाचेही सर्वांत मोठे साधन ठरले, आणि त्या पुराव्यात पुण्याचा वाटा आहे. एक जोडीदार बाधित, दुसरा नाही अशा १,७६३ जोडप्यांवर नऊ देशांत एक वैद्यकीय प्रयोग झाला; बाधित जोडीदारांपैकी एका गटाला औषध लवकर दिले, दुसऱ्याला उशिरा. पुण्याजवळच्या भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था त्यातले एक केंद्र होती. २०११ मध्ये निष्कर्ष आले : बाधित जोडीदाराकडून दुसऱ्याला संसर्ग गेल्याची २८ प्रकरणे सिद्ध झाली, त्यांतली २७ उशिरा औषध दिलेल्या गटातली आणि एकच लवकर दिलेल्या गटातले. नंतरच्या युरोपीय पाहण्यांनी पुढची पायरी गाठली : नियमित औषधाने ज्याच्या रक्तात विषाणू चाचणीत सापडत नाही, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. अंगावर पाजण्याबाबत मात्र इतकी खात्री देता येत नाही. धोका खूप कमी होतो, शून्य नाही.

विषाणू रक्त, वीर्य, योनी व गुदद्वारातील स्राव आणि आईचे दूध यांतून पसरतो. एका ताटात जेवल्याने, एकच संडास वापरल्याने, डास चावल्याने किंवा मिठी मारल्याने नाही. निरोध योग्य रीतीने आणि दर वेळी वापरला तर तो आजही सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा उपाय आहे; इतर गुप्तरोगांपासूनही तो वाचवतो, जे गोळ्या करत नाहीत. सांगलीत १९९२ पासून काम करणाऱ्या ‘संग्राम’ संस्थेने निरोधवाटप देहविक्रय करणाऱ्या बायकांच्याच हाती दिले. ‘गिऱ्हाइकाला नाही कसे म्हणायचे’ हे एकमेकींना त्याच शिकवू शकत होत्या; भिंतीवरच्या पोस्टरला ते जमणारे नव्हते.

गरोदरपणात उपचार नसेल तर बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईला औषध आणि बाळाला जन्मतःच प्रतिबंधक सिरप दिले तर ती पाच टक्क्यांच्या खाली येते. गरोदर बाईची तपासणी नेमाने होते, नवऱ्याची होत नाही. त्यामुळे अनेक घरांत संसर्ग आधी सुनेच्या अहवालात दिसतो आणि ‘तिनेच आणला’ असा बोल तिला लागतो. आधी कोणाला कळले यावरून आधी कोणाला झाला हे ठरत नाही.

बाधित सुई टोचल्यास धोका हजारांत सुमारे तीनचा. अशा वेळी, किंवा निरोध फाटल्यास, बलात्कार झाल्यास, ७२ तासांच्या आत औषध सुरू करून २८ दिवस घ्यायचे असते. पहिले काही तासच सर्वांत मोलाचे, म्हणून ‘उद्या बघू’ म्हणू नये. सतत जोखीम असलेल्यांसाठी आधीच रोज घ्यायची प्रेप नावाची गोळी आहे. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडात लेनाकॅपाव्हिर या औषधाचे सहा महिन्यांतून एकदा प्रतिबंधक इंजेक्शन घेणाऱ्या २,१३४ मुली व तरुणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. लस मात्र अजून नाही.

सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्रात तपासणी मोफत होते. तपासणीआधी व नंतर समुपदेशक बोलतो, आणि तीन वेगवेगळ्या किटवर नमुना बाधित आला तरच तसे जाहीर केले जाते. १०९७ या क्रमांकावर माहिती मिळते. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार संमतीविना तपासणी करणे, अहवाल फोडणे, संसर्गाच्या कारणावरून नोकरीवरून काढणे, उपचार, शाळा किंवा भाड्याचे घर नाकारणे बेकायदेशीर आहे.