काचबिंदूची नळी: व्हॉल्व्हवाली आणि बिनव्हॉल्व्हची

काचबिंदूच्या ऑपरेशनात डोळ्यात नळी बसवली की घरचे सरसकट ‘व्हॉल्व्ह बसवला’ म्हणतात. ‘अहमद व्हॉल्व्ह’ नावाच्या इम्प्लांटमध्ये तो, म्हणजे पाणी बेताने सोडणारी झडप, खरोखरच असतो. मदुराईच्या ऑरोलॅबच्या ‘आडी’ इम्प्लांटमध्ये मात्र तो नसतोच. चष्म्याचा नंबर उणे सहाच्या पुढे असेल, तर आपल्या डोळ्यात यातलं काय आहे हे रुग्णाला माहीत असलंच पाहिजे.

दोन्हींचं काम एकच. सिलिकॉनच्या बारीक नळीचं एक टोक बुबुळापुढच्या पोकळीत, दुसरं डोळ्याच्या पांढऱ्या भागावर शिवलेल्या चकतीवर. आतलं पाणी चकतीभोवती झिरपून शोषलं जातं आणि दाब उतरतो. अहमदची नेहमीची चकती 184 चौरस मिलिमीटरची, आडीची 350 ची. आडी बेअरवेल्ट या दुसऱ्या बिनव्हॉल्व्हच्या इम्प्लांटवर बेतलेली आहे. बेअरवेल्ट आणि अहमदच्या मोठ्या तुलनेत पाच वर्षांनी डोळ्यातला सरासरी दाब अनुक्रमे 12.7 आणि 14.7 मिलिमीटर पारा निघाला. मात्र दाब प्रमाणाबाहेर उतरण्याचा त्रास बेअरवेल्टमध्ये जास्त होता.

मोठ्या नंबरवाल्यांना भीती याचीच. साधारण 24 मिलिमीटरचा डोळा त्यांच्यात 26 किंवा त्याहून लांब झालेला असतो, भिंत ताणून पातळ पडलेली असते. चकती शिवताना सुई आरपार जाण्याचा धोका असतो. नंतर दाब फार उतरला तर पडद्याच्या मधोमध सुरकुत्या पडतात, सरळ रेघ वाकडी दिसते. कधी पडद्यामागच्या थरांत रक्तस्रावही होतो.

हा धोका दोघांत वेगवेगळ्या वेळी येतो. अहमद बसवण्याआधी सर्जन नळीतून सलाईन सोडून आतल्या चिकटलेल्या सिलिकॉनच्या पाकळ्या मोकळ्या करतात. व्हॉल्व्ह त्याच दिवसापासून चालू होतो आणि दाब साधारण आठच्या खाली जाऊ नये अशी त्याची रचना असते. तरी नळीच्या कडेने पाणी गळू शकतं, म्हणून पहिले काही दिवस जपायचे. पुढे महिनाभरात चकतीभोवती शरीराने धरलेलं कवच जाड होऊन दाब पुन्हा चढू शकतो आणि दाब उतरवणारे थेंब परत सुरू करावे लागतात.

आडीत पाणी अडवणारं काहीच नाही, म्हणून नळीला विरघळणाऱ्या टाक्याची गाठ मारतात. चकतीभोवती कवच धरेपर्यंत ती पाणी रोखते. पाच-सहा आठवड्यांनी गाठ सुटते आणि दाब झपकन उतरतो. तोवर सगळं सुरळीत चाललेलं, रुग्ण कामावर रुजू झालेला, घरचे निर्धास्त. माझ्या मते मोठ्या नंबरच्या डोळ्यासाठी सगळ्यात नाजूक आठवडा हाच. काही सर्जन अशा डोळ्यात नळीच्या आत नायलॉनचा धागाही ओवून ठेवतात, म्हणजे गाठ सुटली तरी पाणी बेताने वाहतं. धागा नंतर सवडीने काढता येतो.

आडी बरीच स्वस्त आहे, पण निवड डोळ्याला किती कमी दाब हवा यावरच व्हावी. डिस्चार्ज घेताना दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या: इम्प्लांटचं नाव, आणि आडी असेल तर गाठ सुटण्याचा अंदाजे आठवडा. त्या आठवड्यात प्रवास ठेवू नका, थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. डोळा अचानक ठणकला किंवा रेघा वाकड्या दिसू लागल्या, तर त्याच दिवशी दाखवा.