ई-पुस्तकांचे डाउनलोड व वाटप : कायदेशीर बाजू

प्रताधिकार (कॉपीराइट) चालू असलेले ई-पुस्तक हक्कधारकाच्या परवानगीवाचून इतरांना पाठवणे बहुतेक देशांत बेकायदा आहे. पैसे घेतले नाहीत, ही सबब चालत नाही. प्रत काढण्याचा आणि ती लोकांपर्यंत पोहोचवण्याचा हक्क लेखकाचा किंवा त्याने ज्याला तो दिला त्या प्रकाशकाचा असतो. फुकट वाटपातही हा हक्क डावलला जातोच.

छापील पुस्तक वाचून झाले की दुसऱ्याला देता येते, रद्दीत किंवा जुन्या बाजारात विकता येते. एकदा विकलेल्या त्या प्रतीपुरता प्रकाशकाचा वितरणाचा हक्क संपतो, हे तत्त्व अनेक देश मानतात. फाइलीचे मात्र तसे नाही. दोनशे जणांच्या गटात एक पीडीएफ टाकली, तर टाकणाऱ्याची प्रत त्याच्याकडेच राहते आणि उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाकडे नवी प्रत तयार होते. ‘मी विकत घेतले होते, तेच पुढे दिले’ हा युक्तिवाद इथेच कोसळतो. युरोपीय संघाच्या न्यायालयाने टॉम कॅबिनेट या डच कंपनीच्या खटल्यात डिसेंबर २०१९ मध्ये, वापरलेली ई-पुस्तके संकेतस्थळावरून पुन्हा विकायलाही हक्कधारकाची परवानगी लागते, असा निर्णय दिला.

शिवाय ‘विकत घ्या’ हे बटण दाबून ग्राहकाला मिळतो तो बहुधा वाचनाचा परवाना. २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्क नसलेल्या विक्रेत्याकडून आलेली काही पुस्तके ग्राहकांच्या किंडल या ई-वाचन उपकरणातून परस्पर काढून टाकली होती. पैसे परत दिले, पुढे माफीही मागितली. पण पुस्तकावर ताबा कोणाचा, हे तेव्हा सर्वांना कळून चुकले. फाइलीवरचे डिजिटल कुलूप तोडणे अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने, काही अपवाद वगळता, स्वतंत्रपणे निषिद्ध आहे.

नुसते उतरवून घेणाऱ्याबाबत कायदे एकसारखे नाहीत. नेदरलँड्समध्ये खासगी वापरासाठी असे डाउनलोड पूर्वी खपून जाई; एप्रिल २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने, बेकायदा स्रोतावरून घेतलेल्या प्रतीला खासगी वापराची सवलत लागू नाही, असे ठरवले. टॉरेंट वापरणाऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. तिथे फाइल उतरत असतानाच तिचे तुकडे इतरांकडे जात असतात, त्यामुळे ‘मी फक्त घेतले’ असे म्हणायला जागाच उरत नाही. कारवाई मात्र सहसा वाचकावर न होता वाटप करणाऱ्यांवर होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकी यंत्रणांनी परवानगीवाचून ई-पुस्तके फुकट पुरवणाऱ्या झेड-लायब्ररीचे अनेक डोमेन (संकेतस्थळांचे पत्ते) जप्त केले. अमेरिकेत वैधानिक भरपाई (कायद्यानेच मर्यादा ठरवून दिलेली रक्कम) दर साहित्यकृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर असू शकते. जाणूनबुजून केलेल्या भंगासाठी ती दीड लाखापर्यंत जाते.

ग्रंथालयांचा प्रश्न खरोखर अवघड आहे. छापील प्रत स्कॅन करून एका वेळी एकाच वाचकाला द्यायची, अशी इंटरनेट आर्काइव्ह या अमेरिकी ना-नफा डिजिटल ग्रंथालयाची पद्धत होती. मार्च २०२० मध्ये महासाथीच्या काळात संस्थेने ही मर्यादा तात्पुरती उठवली आणि जूनमध्ये चार प्रकाशक न्यायालयात गेले. २०२३ मध्ये संस्था हरली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही निकाल कायम राहिला. एका वेळी एकच वाचक ही मूळ पद्धतसुद्धा न्यायालयाने मान्य केली नाही. याउलट युरोपीय न्यायालयाने २०१६ मध्ये, काही अटींवर आणि लेखकांना मोबदला देऊन, सार्वजनिक ग्रंथालयांच्या ‘एक प्रत, एक वाचक’ ई-देवघेवीला वाट मोकळी ठेवली होती.

लेखकाने स्वतःच मुक्त परवान्याखाली दिलेली आणि प्रताधिकाराची मुदत संपलेली पुस्तके निर्धास्तपणे घेता येतात. पण मुदत देशागणिक बदलते. प्रताधिकाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराने लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षे घालून दिली. भारतात ती ६०, तर युरोपीय संघात ७० वर्षे आहे. त्यामुळे एकच पुस्तक एका देशात मुक्त आणि दुसऱ्या देशात बंद असू शकते. मूळ ग्रंथ मुक्त झाला तरी त्याचा अलीकडचा अनुवाद, प्रस्तावना किंवा टिपा यांवरचे हक्क वेगळे चालू राहतात.