'स्ट्राइक'ची पार्श्वभूमी : आधी शिडे उतरली, मग संप आला

कामगारांनी काम बंद पाडले की इंग्रजीत त्याला 'स्ट्राइक' म्हणतात. प्रहार करण्यालाही हेच क्रियापद. त्यामुळे संप म्हणजे मालकावर घातलेला घाव, असा अर्थ सहज लावला जातो. तो चुकीचा आहे.

जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ हात फिरवणे, घासत नेणे, पुढे सरकणे असा होता. जर्मनमधले 'श्ट्रायखेन' त्याच कुळातले आणि ते आजही हात फिरवणे, रंग फासणे यासाठीच वापरतात. प्रहाराचा अर्थ मध्ययुगात रुळला. मग नाणे पाडणे, घड्याळाचे टोले पडणे, काडी ओढणे हे सगळे याच शब्दात मावले. काडी ओढण्यात तर मूळचे घासणे अजून शाबूत आहे. क्रिकेटमधला 'स्ट्राइक रेट' मात्र सरळ फटक्याचा.

दर्यावर्दींनी हा शब्द आणखी वेगळा वापरला : शीड किंवा निशाण खाली घेणे. लढाईत जहाजाने निशाण उतरवले, म्हणजे ते शरण आले. 1768 साली लंडनमध्ये भाकरी महागली होती, मजुरी पुरत नव्हती. थेम्स नदीतल्या व्यापारी जहाजांवरच्या खलाशांनी डोलकाठ्यांवरची वरची शिडे उतरवून ठेवली. जहाजे जागची हलेनात, माल अडकला. शरणागतीची खूण असलेली कृती खलाशांनी दबावाचे साधन केली, हे मला फार मोलाचे वाटते. त्या वर्षी लंडनमध्ये दंगेही झाले, माणसेही मेली. पण संपाला नाव मिळाले ते शिडे उतरवण्यावरून.

पुढे 1799 आणि 1800 च्या कायद्यांनी ब्रिटनमध्ये कामगारांच्या संघटनांवर बंदी आली. ती 1824 मध्ये उठली.

मुंबईत या हत्याराला वेगळीच धार आली. जुलै 1908 मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस संप केला. मागणी पगाराची नव्हती. 1928 चा गिरणी संप सुमारे सहा महिने चालला. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यातल्या हजारोंना गिरणीत पुन्हा काम मिळाले नाही.