गोधडीमागची हवा

छोट्या रेडिओ केंद्राच्या स्टुडिओत भिंतींवर अंड्यांचे ट्रे चिकटवलेले पुष्कळदा दिसतात. दिसायला शास्त्रीय, उपयोग नाममात्र. बाहेरचा आवाज अडवायला वजनदार भिंत लागते आणि पुठ्ठ्याला वजनच नसतं. खोलीतला घुमणारा आवाजही ट्रे फारसा शोषत नाहीत. फक्त वरच्या पट्टीतला थोडा विखुरतात.

त्यापेक्षा घरातली जाड गोधडी बरी. मात्र ती भिंतीला चिकटवून नाही, आठ-नऊ सेंटीमीटर पुढे टांगायची. आवाज भिंतीवर आदळून परततो तेव्हा भिंतीलगत हवेचे कण जवळजवळ स्थिर असतात. तरंगलांबीच्या पाव अंतरावर ते सर्वांत जोरात हलतात. 1000 हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे 34 सेंटीमीटर, म्हणजे पाव झाली साडेआठ. गोधडी तिथे असली की कणांची हालचाल कापसात घासून मुरते. मागे सोडलेली हवा फुकट मिळते, आणि गोधडी जणू आणखी जाड होते.

म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी किंवा पुणे विद्यापीठाची विद्यावाणी ही सामुदायिक केंद्रं. अशा केंद्रांची शक्ती साधारण 100 वॅट, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. बजेटही त्याच मापाचं, त्यामुळे अडचणीवर तोडगा बहुधा हाताशी असलेल्या वस्तूंतूनच निघतो.

नेहमीची डोकेदुखी म्हणजे लाइनवरची गुणगुण. आपली वीज 50 हर्ट्झची. संगणक एका सॉकेटवर, माइक-गाण्यांचे आवाज एकत्र करणारा मिक्सर दुसऱ्यावर; दोन्ही अर्थिंगना जोडलेले आणि मधल्या ऑडिओ केबलवरच्या तारेच्या जाळीनेही. झालं वर्तुळ पूर्ण! दोन अर्थिंगमधल्या किंचित फरकानेही जाळीतून प्रवाह वाहतो आणि निवेदकाच्या आवाजाखाली 'हूं' सुरू होतं. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर ते थांबलं, तर चोर सापडला. काही जण प्लगची अर्थची पिनच कापतात. हा जुगाड जीवावर बेतू शकतो. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्यावीत, नाहीतर मध्ये छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर बसवावा. त्यात आवाज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, तारेला तार लागत नाही.

पावसाळ्यात वेगळंच दुखणं. 'तुमचं केंद्र आमच्या वाडीत येईना' असे फोन सुरू झाले, की शंका अँटेनाच्या जोडाची घ्यावी. केबलच्या दोन वाहकांमधल्या प्लास्टिकचा विद्युत-अपार्यता स्थिरांक, म्हणजे विद्युत क्षेत्रात पदार्थ किती ऊर्जा साठवतो याचं माप, सव्वादोनच्या आसपास, पाण्याचा जवळपास 80. जोडात पाणी शिरलं की तिथला अवरोध (इम्पिडन्स) बदलतो आणि वर चढणाऱ्या शक्तीचा काही भाग उलटा फिरतो. ट्रान्समीटर ती परतलेली शक्ती मोजतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी जोर कमी करतो. गाणं चालूच असतं, फक्त लांबच्या घरांत खरखर वाढते. जोडावर ताणून गुंडाळायची, स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप आणि भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली दिलेला झोळ, एवढ्यावर बरंच निभावतं. पाणी झोळाच्या तळाशी येऊन बाहेरच टपकतं.

याउलट ट्रान्समीटर ठणठणीत आणि संगणक अडकलेला, असंही होतं. मग वाहक लहर, म्हणजे आवाज वाहून नेणारी रेडिओ लहर, चालूच राहते, म्हणून श्रोत्याला खरखरही ऐकू येत नाही, नुसती शांतता. आपलाच सेट बिघडला असं त्याला वाटतं. त्यासाठी आवाजाची पातळी मोजणारा डबा ठेवतात. ठरलेले काही सेकंद काहीच आलं नाही, की तो स्वतः पेनड्राइव्हवरची गाणी लावतो. ती गाणी मात्र अधूनमधून बदलावीत, नाहीतर केंद्र कधी बंद पडलं हे नेहमीच्या श्रोत्यांना गाण्यावरूनच कळतं.