गिनी-बिसाऊचं स्वातंत्र्य लिस्बनने दिलं नाही

२५ एप्रिल १९७४ ला पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनमध्ये लष्करी उठाव झाला, हुकूमशाही कोसळली आणि मग पोर्तुगालने आफ्रिकेतल्या वसाहतींना स्वातंत्र्य देऊन टाकलं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊ या पोर्तुगीज वसाहतीच्या बाबतीत तर हा क्रमच उलटा आहे. तिथे १९६३ पासून सशस्त्र लढा चालू होता. जानेवारी १९७३ मध्ये या लढ्याचे नेते अमिल्कार काब्राल यांची शेजारच्या गिनी देशाच्या राजधानीत, कोनाक्रीत हत्या झाली, तरी लोक मागे हटले नाहीत. २४ सप्टेंबर १९७३ ला त्यांनी मुक्त केलेल्या भूमीवर स्वातंत्र्य जाहीर केलं. नोव्हेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्याचं स्वागतही केलं. लिस्बनचा उठाव झाला तो स्वातंत्र्य जाहीर झाल्यानंतर सात महिन्यांनी! आणि तो करणारे अधिकारी वसाहतींतल्या याच न संपणाऱ्या युद्धांना विटलेले होते. सप्टेंबर १९७४ मध्ये पोर्तुगालने दिली ती फक्त मान्यता.